चिकूची अंडी उचलू नका

प्रश्न :

ताई, तीन वर्षांपूर्वी आम्ही एक करडा कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट) घरी आणला. दुकानदाराने नर म्हणून दिला, मुलीने नाव ठेवलं चिकू. गेल्या गणपतीत सोफ्याखाली अंडं दिसलं तेव्हा कळलं की चिकू मादी आहे. तेव्हा 4 अंडी झाली, आम्ही ती एकेक करून टाकली. दिवाळीनंतर पुन्हा 5. आता फेब्रुवारीत पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कागद कुरतडून बसलीय आणि आठवड्यात 3 घातली. पहिली दोन टाकून दिली. तिसरं कालचं आहे, पण हात घातला की फिस्कारते, चावते. बाहेर सोडलं तर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात शिरते. सासूबाई (मूळच्या राजापूरच्या) म्हणतात, बिचारी एकटी आहे, जोडीदार आणा. शेजारी म्हणतात, अंडी लगेच फेका म्हणजे खोड मोडेल. आमचं घर वन बीएचके, चिकू हॉलमध्येच असते. मुलगी नववीत आहे आणि चिकू म्हणजे तिचा जीव. ती विचारते, अंडी काढून घेतली की चिकूला वाईट वाटत असेल का? मला वेगळीच काळजी लागलीय. एवढ्याशा जीवातून किती अंडी निघणार?

– एक आई, भांडुप

उत्तर :

ताई,

तुमची काळजी रास्त आहे, म्हणून आधी तिचंच बोलते. चिकूचं वजन साधारण 90 ग्रॅम असेल. तिचं एक अंडं 5 ते 6 ग्रॅमचं. गणपतीपासून आतापर्यंत 12 अंडी झाली, म्हणजे सहा महिन्यांत या पाखराने 60-70 ग्रॅम ऐवज अंगातून काढून दिला. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी एकटी मादी अंडी घालते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. सहा महिन्यांत तिसरी खेप मात्र जास्त आहे. ती हसतीखेळती दिसत असली तरी ही खेप आटोपली की पक्ष्यांच्या डॉक्टरकडे एकदा तपासून घ्याच.

आता कालच्या अंड्याचं. ते उचलू नका. शेजाऱ्यांचा सल्ला मनापासूनचा असेल, पण परिणाम नेमका उलटा होतो. हे सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. कोकणात कोंबड्या पाळणाऱ्या घरात रोजचं अंडं उचलतात म्हणून कोंबडी घालत राहते. अंडी खाली साठू दिली की ती खुडूक होते, अंड्यांवर बसते आणि नवी घालणं बंद करते. चिकूचंही तसंच आहे. पोटाखाली पुरेशी अंडी लागली की तिचं शरीर घालण्याकडून उबवण्याकडे वळतं. तुम्ही दोन उचललीत, तिचा हिशेब अपुरा राहिला, ती भरपाई करतेय. गेल्या दोन्ही खेपांना हेच झालं असणार.

तेव्हा आजच कॉकाटीलच्या मापाची प्लास्टिकची बनावट अंडी मागवा, साधारण इंचभर लांबीची. पक्ष्यांचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळतात. कालचं अंडं तिथेच ठेवून त्याच्या शेजारी दोन बनावट ठेवा. तिने पुढे आणखी घातली तर तीही राहू द्या. एकूण पाचेक झाली की बहुतेक माद्या थांबतात. नर नाही म्हणजे यातून पिल्लू निघायचा प्रश्नच नाही. खरी अंडी आपल्या दमट हवेत फुटून नासतील असं वाटत असेल, तर एकेक काढून दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करा आणि परत ठेवा, तेवढ्या वेळात बदली बनावट अंडं खाली असू द्या. अंड्यावर पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख लिहा. कॉकाटील दिवसाआड अंडं घालते, त्यामुळे तारखा असल्या की ती थांबली कधी ते नीट कळतं. शेवटच्या तारखेपासून पुढचे 21 दिवस कालनिर्णयवर मोजा.

या तीन आठवड्यांत ती चावेल, फिस्कारेल, दिवसातून मोजक्या वेळा उठेल आणि एकदम भलीमोठी, उग्र वासाची शी करेल. बसलेली मादी शी धरून ठेवते, त्यामुळे तसं होतं, जुलाब समजू नका. दाणा-पाणी जवळ ठेवा आणि तिला बसू द्या.

हे सगळं इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे राणी नावाची पिवळट-पांढरी कॉकाटील होती. जिथून घेतली त्या दुकानदाराने सांगितलं, अंडं दिसलं की काढायचं. मी काढत गेले. ती घालत गेली. एका खेपेत तिने 14 घातली. पुढच्या खेपेच्या चौथ्या अंड्याच्या दिवशी संध्याकाळी ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, पाय फाकलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट पंपासारखी खालीवर होत होती. दांडीवर ठेवली तर पायांनी पकड घेईना. जवळच्या दवाखान्यात फोन केला. तिथे कुत्री-मांजरीच यायची. सकाळी आणा म्हणाले. सकाळपर्यंत ती राहिली नाही. तिच्या पोटात अंडं अडकलं होतं, आणि मला त्या रात्री त्याची खूण ओळखता आली नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा आणि मुलीलाही शिकवा. वर सांगितलेली लक्षणं दिसली, किंवा ती कळा देतेय पण अंडंही येत नाही आणि शीही होत नाही असं दिसलं, तर ती त्याच क्षणी आणीबाणी समजा. 'बघू थोडा वेळ' म्हणू नका. लहान खोक्यात मऊ टॉवेल घालून तिला ठेवा. खोक्याच्या एका अंगाला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे उबारा 30 अंशांच्या आसपास राहील आणि नको वाटलं तर तिला दुसऱ्या अंगाला सरकता येईल. शेजारी एक ओलं फडकं असू द्या. पंखा, एसी बंद. पोट दाबू नका, तेल लावू नका, अंडं दिसत असलं तरी ओढू नका. आत फुटलं तर जीवावर बेतू शकतं. आणि निघा. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन, सलाईन देतात, गरज पडली तर अंडं हाताने काढतात. वेळेत नेलेल्या पुष्कळ माद्या वाचतात.

यासाठी कोणत्या डॉक्टरकडे जायचं ते आज शोधा, त्या रात्री नाही. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय तुम्हाला माहीत असेल, संक्रांतीला मांजाने कापलेले पक्षीही तिथे नेतात. पण भांडुपहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये परळ गाठायचं म्हणजे किती वेळ जाईल ते तुम्हीच जाणता. मुलुंड, ठाणे, पवई या बाजूला पक्षी तपासणारं कोण आहे ते विचारून ठेवा, आणि फोनवर नेमका प्रश्न करा : तुम्ही कॉकाटील बघता का, रात्री कोण असतं? नंबर फ्रिजवर चिकटवा.

अंडं का अडकतं, तेही सांगते, म्हणजे खाण्याचं नीट समजेल. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियमचं. अंडी घालायच्या आधी मादी हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते आणि कवच बनवताना तो उपसते. तेच कॅल्शियम अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागतं. साठा संपला की दोन्हीकडून अडचण : कवच पातळ, मऊ, आणि ढकलायला जोर नाही. चिकू निव्वळ कांग, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बियांवर असेल (बहुतेक घरांत तेच असतं) तर या दाण्यांत कॅल्शियम अगदी कमी असतं हे ध्यानात घ्या.

पिंजऱ्यात समुद्रफेन अडकवा. दुकानात 'कटल बोन' म्हणून मिळतं, ते म्हणजे माकुळाच्या जातीतल्या प्राण्याच्या पाठीतला पांढरा कडक भाग. काष्ठौषधीच्या दुकानातही असतं, पण पूड नको, अख्खा तुकडा घ्या. मऊ बाजू तिच्याकडे करून, दांडीच्या उंचीवर बांधा. काही माद्या त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, मग सुरीने खरवडून चिमूटभर दाण्यांवर टाका. शेवग्याचा कोवळा पाला धुऊन रोज द्या. सोसायटीत झाड असेलच कुणाचं तरी. मेथी, कोथिंबीर चालेल. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्सलेट कॅल्शियम धरून ठेवतं. आपल्या माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांचे तुकडे करून अंदाजाने मात्र कधीही देऊ नका, त्यातलं डी-3 जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही घातक.

आणि ऊन. कॅल्शियम अंगी लागायला डी-3 हवं, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होतं, आणि स्लायडिंगच्या काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत. काचेमागे तास न् तास ठेवून उपयोग नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ग्रिलमध्ये पिंजरा पंधरा-वीस मिनिटं ठेवा, अर्ध्या पिंजऱ्यावर फडकं टाकून, म्हणजे तिला सावलीत सरकता येईल. पण तुम्ही तिथे उभ्या राहा. भांडुपच्या घारी आणि कावळे ग्रिलच्या गजांतून चोच घालायला कमी करत नाहीत. ती बसलेली आहे तोवर पिंजरा हलवू नका, हे त्यानंतर सुरू करा.

आता मूळ प्रश्न : ती घालतेच का? जोडीदार नाही, घरटं नाही, मग का? कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या कोरड्या प्रदेशात ही पाखरं पाण्याच्या, दाण्याच्या मागे भटकतात आणि पाऊस झाला, गवताला भरपूर दाणा आला की झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. लांब दिवस, मुबलक मऊ खाणं, अंधारी सुरक्षित ढोली आणि जोडीदाराचा सहवास, इतकं जुळून आलं की शरीर म्हणतं, हीच वेळ. ताई, तुमच्या हॉलमध्ये हे चारही बारा महिने आहे. ट्यूबलाइट आणि टीव्ही रात्री अकरापर्यंत, म्हणजे सोळा-सतरा तासांचा दिवस. मुंबईत तर जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांचा असतो. खायला वाटी कायम भरलेली. ढोली म्हणजे सोफ्याखालची जागा आणि टीव्ही युनिटचा कप्पा. आणि जोडीदार? तिने तुमच्या मुलीला जोडीदार मानलं आहे.

यातलं शेवटचं सगळ्यात नाजूक, म्हणून मुलीजवळ बसून शांतपणे सांगा. ती अभ्यास करताना चिकूला मांडीवर घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत कुरवाळत असेल. नीट बघायला सांगा : पाठीवरून बोटं फिरली की चिकू पाठ खोलगट करते, शेपूट वर उचलते आणि बारीक, एकसुरी 'टीं टीं' आवाज काढत राहते. आपल्याला वाटतं लाडात आली. नरासमोर मादी हेच करते. पाठ, पंखांखालचा भाग, शेपटीची मुळं, इथे हात लावणं आजपासून बंद. डोकं, तुऱ्याच्या मागची जागा, गाल खाजवायला काही हरकत नाही, तेही थोडा वेळ. तिने ती मुद्रा धरली की रागवायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं उठून तिला दांडीवर ठेवायचं आणि दुसऱ्या कशात गुंतवायचं. हात आखडता घ्यायला मुलीला जड जाईल. त्याच्या बदल्यात तिला काम द्या : बोटावर ये म्हटलं की यायला शिकवणं, शिट्टीवर सूर शिकवणं, कणसाच्या सालपटात दाणे गुंडाळून शोधायला लावणं. आणि रोज सकाळी किचनच्या डिजिटल काट्यावर चिकूचं वजन करून वहीत लिहिणं, ती अंड्यांवरून उठली की. या वहीचा डॉक्टरला फार उपयोग होईल.

अंधाराचं मात्र आजच सुरू करा, हाच सगळ्यात गुणकारी उपाय आहे. संध्याकाळी सातला पिंजरा झाकायचा, सकाळी आठला उघडायचा, म्हणजे सलग 13 तास अंधार. वन बीएचकेमध्ये हे कठीण आहे, मला कळतं. आता ती बसलेली असताना पिंजरा आहे तिथेच ठेवून जाड काळा सुती कपडा तीन बाजूंनी आणि वरून घाला, चौथी बाजू भिंतीकडे, हवा खेळती राहील इतकी फट ठेवून. टीव्हीचा आवाज थोडा कमी. खेप संपल्यावर रात्रीपुरता लहान पिंजरा बेडरूममध्ये नेता येईल, जिथे तुम्ही झोपायच्या वेळीच दिवा लावता. स्वयंपाकघरात नको, नॉनस्टिक भांडं तापून सुटलेला धूर पक्ष्यांना मारतो. कॉकाटील रात्री दचकून फडफडतात, तसं झालं तर दूरचा मंद दिवा लावून तिच्याशी हळू बोला, ती लगेच शांत होते.

टीव्ही युनिटच्या कप्प्याला दार नसेल तर पुठ्ठा लावून बंद करा. सोफ्याखाली गुंडाळलेल्या चादरी सारून ठेवा. पिंजऱ्यातला आरसा असेल तर काढा. आणि कुणी अंडी घालायला मटका टांगा म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. क्रॉफर्ड मार्केटपासून कुठेही गेलात तरी पिंजऱ्याबरोबर मटका घ्या म्हणून गळ घालतात. मटका म्हणजे तिच्यासाठी ढोलीच.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. एकट्या जिवाची दया येते त्यांना, ते मन मोठं आहे. पण नर आणला तर अंडी थांबणार नाहीत. त्यांतून पिल्लं निघतील, आणि आधीच हाडं रिकामी झालेल्या मादीला ती भरवावी लागतील. निदान वर्षभर तरी हा विषय नको. आणखी एक, त्या तिला हाताने गरम मऊ वरणभात भरवत असतील तर तेवढं थांबवायला सांगा. गरम, मऊ घास म्हणजे तिच्या शरीराला पिल्लांच्या दिवसांची खूण. खाणं तोडायचं मात्र अजिबात नाही, विशेषतः अंडी चालू असताना. खेप संपली की सूर्यफूल कमी करा आणि पेलेटची (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्यांची) सवय हळूहळू, काही आठवडे घेऊन लावा, वजनावर नजर ठेवून.

हे सगळं करूनही दोन महिन्यांत ती पुन्हा बसली, तर डॉक्टरकडे अंडी थांबवणारी औषधं आहेत. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन ठरावीक काळाने द्यावं लागतं, डेस्लोरेलिनचा बारीक दाणा कातडीखाली बसवतात आणि तो काही महिने चालतो. दोन्हींबद्दल विचारा. अंडनलिका काढण्याची शस्त्रक्रियाही असते, पण एवढ्या लहान पाखराला ती धोक्याची, अगदीच दुसरा मार्ग उरला नाही तरच.

आणि मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. आता, ती पोटाशी धरून बसलेली असताना अंडी काढली, तर चिकू नक्की अस्वस्थ होईल, शोधेल, आणि पुन्हा घालेल. पण तीन आठवड्यांनी एक दिवस असा येईल की ती उठेल, दाणे खाईल आणि परत जाणारच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. अंडी गार पडलेली असतील. त्या दिवशी मुलीने चिकूला घेऊन आत जावं आणि तुम्ही अंडी, कुरतडलेले कागद सगळं उचलून तळ पुसून घ्या, दांड्यांच्या जागा बदला, पिंजरा हॉलच्या दुसऱ्या भिंतीला लावा. परत आल्यावर ती कोपऱ्यात एकदा डोकावेल. मग नव्या दांडीवर चढून तुरा उभारेल आणि घर कसं दिसतंय ते बघत बसेल.